व्यापार मोकळा केल्याने युद्धे थांबतात का?

रामबाग, इंदूर
‘सरकारांनी फक्त सीमा राखाव्यात, युती आणि निर्बंध सोडून व्यापार मोकळा करावा, म्हणजे युद्धे आपोआप कमी होतील,’ हे सियागंजकरांचे कालचे लिबर्टेरियन (सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणारे) प्रवचन वाचून राहवले नाही. जून 2020 मध्ये गलवानला आपले 20 जवान धारातीर्थी पडले आणि पुढच्याच वर्षी चीनशी आपला व्यापार 100 अब्ज डॉलरच्या पुढे गेला. व्यापाराने सैन्य अडले नाही. 1914 मध्ये ब्रिटन आणि जर्मनीही एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होतेच.

सियागंज
युद्ध अशक्य होते असे मी म्हटलेलेच नाही. निर्णय घेणारा एक आणि भुर्दंड सोसणारा दुसरा, हे माझे म्हणणे आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये पाकिस्तानी मालावर 200 टक्के शुल्क लागले, तेव्हा आमची खारीक वाटेत होती, भाव ठरलेला होता आणि विसारही दिलेला होता. त्यात रावळपिंडीच्या एकाही जनरलचे काही गेले नाही. गेले ते आमचे आणि सिंधमधल्या बागायतदाराचे.

छत्रीबाग
पुलवामात 40 जवान गेले आणि आपण खारकेचा हिशेब मांडता, याची शरम वाटायला हवी. शिवाय माळव्याच्या माणसाने तरी मोकळ्या व्यापाराचे गोडवे गाऊ नयेत. इथली अफू चीनमध्ये उतरत होती, आणि ती रोखणाऱ्या चीनवर ब्रिटनने 1839 पासून तोफा डागल्या त्या याच तत्त्वाच्या नावाने. 1842 च्या नानकिंग तहात हाँगकाँग गेले.

सियागंज
जवानांविषयीचा आदर मला शिकवू नका. अफूचा इतिहास मात्र पुरता सांगा. बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. होळकर-शिंद्यांच्या मुलखातले व्यापारी ती चुकवून राजस्थानातल्या पाली आणि कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला माल धाडत. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, ती वाट बंद झाली आणि मुंबईच्या वाटेवरचे परवाना शुल्क चढत गेले. हा मोकळा व्यापार नव्हे, तोफांच्या आधाराने चाललेली सरकारी वसुली होती. मोकळ्या व्यापाराचा खरा पुरस्कर्ता ब्रिटिश खासदार रिचर्ड कॉब्डेन. त्याने 1857 मध्ये चीनवरील हल्ल्याविरुद्ध ठराव आणून पंतप्रधान पामर्स्टनला पार्लमेंटात हरवले.

रामबाग
कॉब्डेनपुरते मान्य, तेही नाइलाजाने. पण पुढचे आपण गाळले. पामर्स्टनने लगेच निवडणूक घेतली, तो जिंकला आणि कॉब्डेन स्वतः पडला. युद्धखोर फक्त सरकारे असतात आणि प्रजेला शांतता हवी असते, या गृहीतकावर आपली सगळी मांडणी उभी आहे. ज्यांच्या खिशातून खर्च होणार होता, त्या मतदारांनीच युद्धाच्या बाजूने कौल का दिला, याचे उत्तर द्या, खारकेचे नको.