शब्दचर्चा : अर्कचित्र, व्यंगचित्र आणि 'मॅकरोनी'

लंडनच्या अठराव्या शतकातल्या मुद्राचित्रांवर (छापील चित्रांवर) लिहितोय. मॅथ्यू आणि मेरी डार्ली या नवराबायकोनं स्ट्रँडवरच्या दुकानातून १७७१ ते १७७३ या काळात 'मॅकरोनीं'ची चित्रं काढली. इटलीची वारी करून आलेले श्रीमंत पोरगे, डोक्यावर हातभर उंच केसांचा टोप, त्यावर चिमुकली हॅट. अशा चित्राला व्यंगचित्र म्हणू की अर्कचित्र (कॅरिकेचर)? आणि मॅकरोनीला काय म्हणू?

> व्यंगचित्र फार ऐसपैस शब्द आहे, त्यात काहीही बसतं. त्याच शतकातला इंग्रज चित्रकार होगार्थ, त्याची 'मॅरेज आ ला मोड' ही मालिका घ्या. कर्जबाजारी सरदाराचा मुलगा, पैसेवाल्या व्यापाऱ्याची मुलगी, सहा चित्रांत संसाराचं वाटोळं. तिला उपहासचित्रं म्हणा. अर्कचित्रं म्हटलंत तर होगार्थच भांडायला येईल! याच मालिकेच्या वर्गणीदारांसाठी १७४३ मध्ये केलेल्या पावतीवर त्यानं शंभरेक चेहरे कोरले, ते स्वभावचित्र वेगळं आणि 'कॅरिकातुरा' वेगळी हे दाखवायलाच.

> डार्लींसाठी अर्कचित्रच. पण गंमत पाहा, 'कॅरिकातुरा'मागचं मूळ इटालियन 'कारिकारे' म्हणजे लादणं, भार चढवणं. आपला अर्क त्याच्या उलट, आटवून उरतो तो. तिकडे नाकावर ओझं चढवतात, इकडे माणसातलं पाणी उडवतात. परिणाम तोच. (आपण माणसालाही 'काय अर्क आहे!' म्हणतोच.)

> मॅकरोनीला 'फाकडा' कसा वाटतो? काळही जुळतो. इंग्रजांच्या कॅप्टन स्ट्युअर्टला मराठ्यांनी 'इष्टुर फाकडा' केलं, तो १७७९ मध्ये कार्ल्याजवळ लढाईत पडला.

> नाही जमत. फाकड्यात ऐट आहे, पण मर्दुमकीचं कौतुकही आहे. मॅकरोनीला हसायचे ते त्याच्या बायकी नखऱ्यांना. 'छेलबटाऊ'ही नको, तो बायकांच्या मागे असतो. हा आरशापुढून हलत नाही.

> +१. 'नखरेल' बरा, पण त्यात इटली गळते. परदेशातून शेवयांची चव आणि टोप घेऊन आला, हीच तर चेष्टा. अवांतर : 'यांकी डूडल' या अमेरिकेतल्या जुन्या गाण्यामधला मॅकरोनी हाच. टोपीत पीस खोवलं की झाला फॅशनेबल, असा गावंढळ यांकीला टोमणा.

मग 'मॅकरोनी' तसाच ठेवतो, पहिल्यांदा येईल तिथे 'इटलीरिटर्न नखरेल' एवढं जोडून. डार्लींना अर्कचित्र, होगार्थला उपहासचित्र. मथळ्यात मात्र मॅकरोनी नको, पाककृती समजून लोक चीज किती घालायचं ते विचारतील.