मोठे पशुपालन हा उद्योग आहे, मग त्याला नियम शेतीचे का?

हजारो जनावरे एकाच ठिकाणी कोंडून वाढवणारे प्रकल्प स्वतःला शेती म्हणवतात आणि त्या नावावर प्रदूषणाच्या नियमांतून सूट मागतात. ही सूट मला मान्य नाही. साध्या शेतीत जनावर रानातला चारा खाते आणि त्याचे शेण त्याच रानात परत जाते. मोठ्या प्रकल्पात खाद्य दुरून येते, कधी तर दुसऱ्या खंडातून, आणि शेण-मूत्र मात्र जागेवरच साचते. भोवतालच्या पिकांना लागेल त्याच्या कितीतरी जास्त नायट्रोजन जमिनीवर ओतला जातो. मग त्या नायट्रोजनचे नायट्रेट बनून भूजलात उतरते आणि अमोनिया वायू हवेत पसरतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये डुकरांची विष्ठा उघड्या हौदांत साठवतात. १९९७ मध्ये तिथे असे नवे हौद बांधण्यावर स्थगिती आली, पण जुने तसेच राहू दिले. २०१८ च्या फ्लोरेन्स चक्रीवादळात त्यांतले कित्येक भरून वाहिले आणि ते पाणी नद्यांना मिळाले.

ठरावीक संख्येच्या वर परवाना सक्तीचा हवा. तो देताना खत जिरवायला पुरेशी जमीन आहे का, हे आधी पाहावे. भूजलाची तपासणी प्रकल्पाच्या खर्चाने व्हावी आणि तिचे निष्कर्ष गावासमोर यावेत.

प्रतिसाद १

परवाना म्हणजे काय असतो, ते नेदरलँड्सच्या शेतकऱ्यांना विचारा. २०१५ मध्ये युरोपातला दुधाचा कोटा, म्हणजे दूध उत्पादनावरची मर्यादा, उठला. गोठे वाढवा म्हणून सगळीकडून सांगितले जात होते, बँका कर्ज देत होत्या. त्याच वर्षी सरकारने नायट्रोजनची नवी योजना आणली. थोडे उत्सर्जन असेल तर परवाना नको, नुसती नोंद पुरे, असा तिचा नियम होता. लोकांनी नोंद केली. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती योजनाच रद्द ठरवली, कारण पुढे कधीतरी होणाऱ्या घटीच्या भरवशावर आजचे प्रदूषण मंजूर होत होते. निकाल बरोबर असेल. पण नियम पाळून नोंद केलेले शेतकरी एका दिवसात बेकायदा ठरले, त्याचे काय? पुढे महामार्गांवर ट्रॅक्टर उभे राहिले आणि २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत शेतकऱ्यांचा नवा पक्ष पहिला आला. तो राग खोटा नव्हता.

प्रतिसाद २

शिवाय नियमांचा खर्च सगळ्यांवर सारखा पडत नाही. हवा शुद्ध करणारी यंत्रणा, तपासणी, सल्लागार, कागदपत्रे हे सगळे दहा हजार डुकरांच्या मालकाला सहज झेपते. पाचशेवाला विकून मोकळा होतो आणि ते गोठे मोठा विकत घेतो. तुम्हाला जे मोडायचे आहे तेच वाढते.

धागाकर्ता

म्हणूनच मी संख्येची मर्यादा म्हणालो. त्या मर्यादेखालच्याला फक्त खताचा हिशेब ठेवू द्या. प्रतिसाद १, तुम्ही सांगितले ते सगळे खरे आहे, पण त्यात दोष नियम असण्याचा नाही. तो वेळेवर न लावण्याचा आहे. जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोपेक्षा जास्त नायट्रोजन नको, ही मर्यादा युरोपच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशातच, म्हणजे पाणी नायट्रेटपासून वाचवण्याच्या कायद्यातच होती. डच सरकार तिच्यातून वर्षानुवर्षे सवलत मिळवत राहिले. ती सवलत नसती तर इतके गोठे उभेच राहिले नसते.

प्रतिसाद ३

एका देशाने आवळले की उत्पादन दुसरीकडे जाते. न्यूझीलंडचे हरितगृह वायूंचे निम्मे उत्सर्जन शेतीतून होते. तिथे जनावरांच्या मिथेनवर शुल्क लावायचे ठरले होते, ते २०२४ मध्ये सोडून दिले. डेन्मार्कने त्याच वर्षी उलट निर्णय घेतला. २०३० पासून जनावरांच्या उत्सर्जनावर, कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबाने टनामागे ३०० क्रोनर (तिथले चलन) कर, २०३५ मध्ये ७५०. पण त्यावर ६० टक्के वजावट. इतकी वजावट का द्यावी लागली? उत्पादक देश सोडतील ही भीती होती म्हणूनच.

धागाकर्ता

मिथेनपुरते तुमचे म्हणणे मानतो. तो कुठूनही सुटला तरी ताप साऱ्या पृथ्वीला होतो, त्यामुळे तिथे देशांनी मिळून चालावे लागेल. नायट्रेटचे तसे नाही. ते ज्या विहिरीत उतरते, त्याच विहिरीचे पाणी बिघडते. दुसऱ्या देशात गोठे वाढतील म्हणून इथले पाणी बिघडू द्यायचे, हा युक्तिवाद त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्याला कसा पटेल? आणि उत्पादन गेलेच, तर जिथे खत घ्यायला जमीन आहे तिथे ते विखरून जावे, हेच मला हवे आहे.

प्रतिसाद १

पाण्याबद्दल वाद नाही. माझी अट एकच. सरकारच्याच सांगण्यावरून ज्याने गोठा वाढवला, त्याचे कर्ज फिटेपर्यंत मुदत द्या, नाहीतर तो गोठा योग्य किमतीला विकत घ्या. हे दोन्ही न करता जनावरे कमी करा म्हणणाऱ्या कायद्याला माझा विरोध राहील.

धागाकर्ता

विकत घ्या, त्याला माझा पाठिंबा आहे. पण कर्ज फिटेपर्यंत थांबणे मान्य नाही. ती कर्जे वीस-वीस वर्षांची असतात आणि भूजलात उतरलेले नायट्रेट त्याहून जास्त काळ तिथेच राहते.