अहमदाबादसारखं काही घडलं की मुलांशी बोलायचं, की विषयच काढायचा नाही?

रावपुऱ्यातली आई:
ऑगस्ट 2025 मध्ये अहमदाबादला दहावीतल्या मुलावर त्याच्याच शाळेतल्या आठवीच्या मुलाने वार केले आणि तो मुलगा गेला, हे सगळ्यांना माहीतच आहे. आमच्या घरी तेव्हा ठरलं की लेकासमोर एक शब्द काढायचा नाही, तो सहावीत आहे, सासूबाई तर पेपरसुद्धा उचलून कपाटात ठेवायच्या. आठ-दहा दिवसांनी डायरीत शेरा आला, भूमितीच्या तासाला कर्कटक आणत नाही. मला वाटलं हरवलं असेल, नवीन आणून दिलं, तर तेही गायब. शेवटी दोन्ही सापडली देव्हाऱ्याखालच्या खणात, वातींच्या डब्यामागे, रुमालात गुंडाळून ठेवलेली. विचारलं तर म्हणतो, "माझ्याकडे नसलंच तर कुणी ते ओढून घेऊन कुणाला मारणार नाही ना." त्याला सगळं ठाऊक होतं हो, वर्धीच्या, म्हणजे शाळेत ने-आण करणाऱ्या रिक्षात, रिक्षावाल्या काकांच्या मोबाइलवर व्हिडिओ बघून झाला होता. म्हणजे आम्ही गप्प बसून त्याला काही वाचवलं नाही, फक्त एकट्याला घाबरत ठेवलं. माझं मत ठाम झालंय, बोलायलाच पाहिजे. तुम्ही काय करता?

अण्णा दांडिया बाजार:
ताई, तुमच्या मुलाला रिक्षात कळलं म्हणून सगळ्यांनी घरात खुनाच्या गोष्टी काढायच्या का? जून 2018 मध्ये आपल्याच बडोद्यात नववीतला मुलगा शाळेच्या बाथरूममध्ये मृत सापडला होता, आठवत असेल. माझी नात तेव्हा दुसरीत, शाळा वेगळी, तिला कशाचा पत्ता नव्हता. पण तिच्या शाळेने प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलांना उभं करून भाषण दिलं, एकटे बाथरूमला जाऊ नका, दप्तरात काही आणू नका, वगैरे. त्या दिवसापासून पोरगी शाळेत लघवीला जाईना. पाण्याची बाटली सकाळी भरलेली जायची, दुपारी तशीच भरलेली परत यायची, आणि जूनचा उकाडा. पुढे जळजळ, ताप, पंधरा दिवस औषध. हे बोलल्यामुळे झालं. लहान वय आहे, जेवढं उशिरा कळेल तेवढं बरं.

सीमा टीचर:
अण्णा, नातीचं वाचून फार वाईट वाटलं. मी प्रायमरीला शिकवते. पण तीनशे पोरांना रांगेत उभं करून धाक घालणं म्हणजे मुलाशी बोलणं नाही हो. आपण आधी सांगायचंच नाही, आधी विचारायचं, "तू काय ऐकलंस?" आणि मग थांबायचं. चुकीचं ऐकलं असेल तेवढंच नीट करायचं. दुसरीतल्या मुलाला दोन वाक्यं पुरतात, आठवी-नववीची मुलं मात्र पार वाद घालतात, घालू द्यावा. "असं कधीच होणार नाही" असं वचन मी देत नाही, ते खोटं आहे आणि त्यांना कळतं. घाबरलास तर कुणाकडे जायचं, ते माणूस नावानिशी ठरवून देते. आणि तो व्हिडिओ बंद करा प्लीज, लहान मुलांना तो परत दिसला की परत घडतंय असंच वाटतं. रोज सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखणं, गादी ओली होणं, रात्री दचकून उठणं हे आठवडेच्या आठवडे चाललं तर समुपदेशकाकडे न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, 14416 वर, फुकट बोलता येतं, आणि मूल स्वतः मार खात असेल तर मुलांची हेल्पलाइन 1098.

दोन पोरांचा बाप:
बोला, विचारा, सगळं ठीक, पण करणार काय? माझ्या मोठ्याला वर्गातले तिघं महिनाभर मारत होते. तो बोलला, आम्ही ऐकलं, मी शाळेत गेलो. सरांनी त्याला वर्गात उभं करून विचारलं, "कोण मारतं, दाखव." झालं, दुसऱ्या दिवसापासून अख्खा वर्ग त्याला चुगलीखोर म्हणायला लागला. आता त्याने घरी सांगणंच बंद केलंय. मी सरळ कराटेला घातलं. एक खाल्ली तर दोन द्यायच्या, असं राहिल्याशिवाय निभाव नाही.

रावपुऱ्यातली आई:
दादा, तुमचा राग पटतो, त्या सरांनी फार चूक केली. पण अहमदाबादचं पण आधी किरकोळ भांडणच होतं ना? दोन्हीकडची पोरं "मी ऐकून घेणार नाही" म्हणतच मोठी झाली तर कुणाच्या तरी दप्तरात काहीतरी निघणारच. कराटे शिकू दे, पण तो बोलायचा थांबलाय त्याचं काय?

सीमा टीचर:
आणि जी शाळा स्वतः हात उगारते तिथे मुलं काय शिकणार? आरटीई, म्हणजे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, तरी पट्टी निघतेच, मी स्टाफरूममध्ये ऐकते. दादा, तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि मुलाचं नाव वर्गात घेऊ नये हे त्यातच लिहा.

दोन पोरांचा बाप:
लेखी देतो. पण कराटे बंद नाही करणार.

अण्णा दांडिया बाजार:
दोन दिवस इथे काही लिहिलं नाही. नात आता नववीत आहे. काल संध्याकाळी सूरसागर तलावाला फेरी मारताना टीचरबाईंनी सांगितलं तसं विचारलं, तुला 2018 चं काय आठवतं. ती म्हणाली, "आजोबा, मला वाटायचं तो दादा आमच्याच शाळेच्या बाथरूममध्ये होता. ती दुसरी शाळा होती हे मला सहावीत कळलं." चार वर्षं. घरात आम्ही पाच मोठी माणसं, डॉक्टरकडे नेलं, औषधं दिली, आणि एकानेही तिला इतकं सांगितलं नाही. प्रार्थनेतल्या भाषणाबद्दल माझं मत तेच आहे, ते चूकच होतं. धाकटा नातू पहिलीत आहे, त्याला रविवारी कमाटी बागेत घेऊन जाणार आहे, तिथे विचारीन.