मोटरसायकलवरच्या मुक्कामांसाठी ऐसपैस, पण लहान गुंडाळी होणारी स्लीपिंग बॅग कशी निवडावी?

संत्रानगरीचा_स्वार (नागपूर)

नमस्कार. दिवाळी ते फेब्रुवारीअखेर मोटरसायकलने बाहेर पडून तंबूत मुक्काम करणे हा आमचा ठरलेला छंद आहे. चिखलदरा, तामिया, पचमढी हा नेहमीचा पट्टा. वेळ कमी असला तर रामटेकजवळ खिंडसी तलावाच्या बाजूला ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या शेतात तंबू लावतो. माझी उंची ५ फूट ११ इंच, खांदे रुंद, आणि झोप नेहमी कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. सध्याची बॅग ममी आकाराची, म्हणजे पायांकडे निमुळती होत जाणारी आणि डोक्याला टोपी असलेली आहे. तिच्यात कूस बदलली की अख्खी बॅग माझ्याबरोबर वळते आणि टोपीचा भाग नाकातोंडावर येतो. मित्राची आयताकृती बॅग झोपायला उत्तम आहे, परंतु तिचे गाठोडे मागच्या सीटवर बांधले की दुसरे काही बांधायला जागाच उरत नाही. सॅडलबॅगांमध्ये तंबू, स्टोव्ह आणि कपडे जातात. म्हणून स्लीपिंग बॅग मागच्या सीटवरच्या टेलबॅगेतल्या साधारण १५ लिटर जागेत मावली पाहिजे. खर्चाची मर्यादा सात-आठ हजार रुपये. पिसांची घ्यावी की सिंथेटिक, किती अंशांची घ्यावी, आणि दुकानात गेल्यावर रुंदी नेमकी कशी तपासावी, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

सातपुडा_घाटवाट (अमरावती)

आधी रुंदीविषयी, कारण तुमची खरी अडचण तीच दिसते. लेबलावरच्या "एक्स्ट्रा लार्ज" या शब्दांवर विसंबू नका; पुष्कळदा त्याचा अर्थ फक्त लांबी जास्त एवढाच असतो. मोजायचा तो आतला घेर. बॅग जमिनीवर सपाट पसरून चेन लावा, खांद्यापाशी आणि गुडघ्यांपाशी रुंदी मोजा आणि तिची दुप्पट करा. ७५ सेंमी रुंदीची आयताकृती बॅग म्हणजे सुमारे १५० सेंमी घेर. ममी बॅगेचा घेर खांद्यापाशी बरा असला तरी पायांकडे झपाट्याने कमी होतो, आणि गुडघे मुडपून झोपणाऱ्याला नेमकी तिथेच अडचण होते. तुमच्या अंगकाठीला खांद्यापाशी १६५ ते १७० आणि गुडघ्यांपाशी किमान १४५ सेंमी घेर असावा, असे माझे मत आहे. ममी आणि आयत यांच्या मधला, पायांकडे थोडासाच निमुळता होणारा आकार यासाठी सर्वांत सोयीचा. दुकानदाराला सांगून बॅगेत शिरा, कुशीवर वळा आणि गुडघे वर घ्या. गुडघ्यांवर कापड ताणले जात असेल तर तेवढ्या भागातले भरण दबते आणि पहाटे थंडी तिथूनच शिरते.

आता गुंडाळी. ट्रेकिंगवाले वजनाचा विचार करतात, कारण ओझे त्यांच्या पाठीवर असते. आपल्याला अर्धा किलो जास्त झाला तरी फरक पडत नाही, जागा मात्र मोजून मिळते. बहुतेक लेबलांवर गुंडाळीचा व्यास आणि लांबी दिलेली असते, तीवरून घनफळ काढता येते. २५ सेंमी व्यास आणि ४५ सेंमी लांबीची गुंडाळी सुमारे २२ लिटर जागा खाते, तर २२ सेंमी व्यास आणि ३६ सेंमी लांबीची गुंडाळी १४ लिटरांच्या आत राहते. दुकानात शेजारी ठेवल्या तर दोन्ही जवळपास सारख्याच दिसतील. बॅगेबरोबरची पिशवी बहुधा साधी असते. पट्टे ओढून दाबता येणारी कॉम्प्रेशन पिशवी वेगळी घेतली तर सिंथेटिक बॅगही बऱ्यापैकी लहान होते.

तापमानाचे आकडे आयएसओ २३५३७ या मानकानुसार दिलेले असतील तर त्यांवर विश्वास ठेवता येतो. "कम्फर्ट" हा आकडा सैल झोपलेल्या सर्वसाधारण स्त्रीसाठी असतो, "लोअर लिमिट" हा अंग आखडून झोपलेल्या सर्वसाधारण पुरुषासाठी, आणि "एक्स्ट्रीम" म्हणजे केवळ जीव वाचण्याची हद्द. काही स्वस्त बॅगांवर हा तिसराच आकडा ठळक छापलेला असतो, म्हणून खरेदी कम्फर्टचा आकडा पाहूनच करावी. नागपूरचा पारा डिसेंबर २०१८ च्या अखेरीस ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण एरवी थंडीची लाट नसेल तर आपल्याकडच्या रात्री दहा-बारा अंशांच्या आसपास असतात. तेव्हा ५ अंश कम्फर्टची बॅग तुम्हाला पुरेल. उणे दहाची बॅग विकत घेऊन रात्रभर चेन उघडी ठेवून घाम पुसत बसण्यात काही अर्थ नाही, शिवाय तिची गुंडाळीही मोठी होते.

पहाटेचे_धुके (नागपूर)

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, मात्र पिसांच्या बॅगेचा विषय राहून गेला आहे. ऊब आणि घेर सारखे असताना पिसांची बॅग सिंथेटिकपेक्षा बरीच लहान गुंडाळता येते, आणि दाबण्या-उलगडण्याला ती वर्षानुवर्षे टिकते. पिसांचा दर्जा "फिल पॉवर" या आकड्यावरून कळतो. ६५० म्हणजे एक औंस पिसे फुगून ६५० घनइंच जागा व्यापतात. ज्यांना वर्षाआड लडाख-स्पितीकडे जायचे असेल त्यांनी पैसे साठवून तीच घ्यावी.

प्रश्नकर्त्यांना मात्र मी सिंथेटिकच सुचवीन. एक तर रुंद आणि चांगल्या पिसांची बॅग त्यांच्या रकमेत मिळणे कठीण. दुसरे कारण खिंडसीचे. हिवाळ्यात तलावाकाठी पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला श्वासातल्या बाष्पाचे थेंब जमतात, आणि उंच माणसाच्या बॅगेचे पायाकडचे टोक नेमके त्याच ओल्या कापडाला टेकते. पिसे भिजली की गोळा होऊन बसतात आणि त्यांची ऊब जाते. सिंथेटिक भरण ओले झाले तरी थोडीफार ऊब धरून ठेवते आणि लवकर वाळते. सकाळी बॅग वाळवायला वेळ न देता गुंडाळून पुढच्या गावाकडे निघण्याची आपणा सर्वांची सवय लक्षात घेता, हा मुद्दा किमतीपेक्षाही मोठा आहे.

आणखी एक गोष्ट. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा उतारावरून खाली सरकून खोलगट भागात साचते, त्यामुळे तलावाचा काठ किंवा दरीचा तळ हा वरच्या उतारापेक्षा थंड असू शकतो. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे म्हणून तिथे जाड बॅग आणि तलावाकाठी पातळ चालेल, असा हिशोब नेहमीच बरोबर येत नाही.

बुलेट_आणि_बिऱ्हाड (वर्धा)

चटईबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. अंगाखाली बॅगेचे भरण वजनाने दबून सपाट होते आणि खालून तिचा उपयोग जवळजवळ उरत नाही. जमिनीची थंडी अडवायचे काम मॅटचे, आणि लेबलावरचे अंशसुद्धा खाली मॅट आहे असे धरूनच मोजलेले असतात. साधी घडीची फोम मॅट चालेल; ती बाहेर बांधली आणि भिजली तरी पुसून वापरता येते. कुशीवर झोपणाऱ्याच्या कमरेला आणि खांद्याला मात्र हवेची मॅट जास्त मानवते.

बॅग बाहेर बांधण्याची वेळ आलीच तर तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या ड्राय बॅगेत घालून आडवी बांधा आणि सायलेन्सरपासून दूर ठेवा. नायलॉनला गरम नळी नुसती लागली तरी भोक पडते.

संत्रानगरीचा_स्वार (नागपूर)

सर्वांचे आभार. आज फीत घेऊन सध्याची बॅग मोजली: खांद्यापाशी १५२ सेंमी आणि गुडघ्यांपाशी जेमतेम ११८. कारण समजले. आता मधल्या आकाराची, ५ अंश कम्फर्टची सिंथेटिक बॅग आणि वेगळी कॉम्प्रेशन पिशवी असे ठरवले आहे. फक्त एक शंका उरते. इतकी रुंद बॅग घेतल्यावर आतली मोकळी जागा गार राहणार नाही का? आणि प्रवास नसताना ती कशी ठेवावी?

सातपुडा_घाटवाट (अमरावती)

थोडी गार राहतेच, कारण ती हवा तुमच्याच अंगाने तापवायची असते. मात्र गळ्यापाशी दोरी आवळता येणारी आणि चेनच्या आतून जाड पट्टी असलेली बॅग घेतली तर तापलेली हवा बाहेर जात नाही. रायडिंग जॅकेटचे कोरडे अस्तर काढून पायांकडे किंवा पाठीमागे सारले की रिकामी जागाही भरते. आत सुती किंवा रेशमी लायनर, म्हणजे पातळ आतली खोळ, वापरावा. ऊब थोडी वाढते आणि बॅग वारंवार धुवावी लागत नाही. घरी आल्यावर उलटी करून सावलीत वाऱ्यावर वाळवा आणि कॉम्प्रेशन पिशवीत न ठेवता उशीच्या मोठ्या खोळीत सैल भरून कपाटात टाका. महिनोन्महिने दाबून ठेवलेले सिंथेटिक भरण पुन्हा पूर्ण फुगत नाही.

खरेदीला जाताना टेलबॅग बरोबर न्या आणि बॅग तिच्यात बसवून पाहूनच पैसे द्या.