यात्रेत शोभेचे दारूकाम: परवाना कुणाच्या नावावर आणि माल कुठून?

माळावरचा: सातारा जिल्हा, गाव साडेतीन हजार वस्तीचे. ग्रामदैवताच्या यात्रेत पालखी देवळात आली की वीस-पंचवीस मिनिटे आतषबाजी असते. आजवर तालुक्याच्या दुकानातून माल आणून पोरेच उडवायची. यंदा पोलीस पाटील म्हणतात, लेखी परवानगीशिवाय वात पेटवायची नाही. कमिटीला ३ आणि ४ इंची गोळे (नळीतून वर सुटून आकाशात फुटणारे) हवे आहेत. अर्ज कुठे करायचा? माल आपण घ्यायचा की ठेकेदाराने? पालखी यायला साडेदहा वाजतात.

रंजक: पोलीस पाटील बरोबर आहेत. स्फोटके नियम २००८ प्रमाणे सार्वजनिक आतषबाजीला वेगळा परवाना लागतो. अर्ज एई-६ नमुन्यात, परवाना एलई-६ नमुन्यात. तुमच्याकडे अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाईल. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात तो आयुक्तांकडे जातो. नागपूरच्या 'पेसो'कडे (केंद्राचे स्फोटक सुरक्षा खाते) धाव घेऊ नका, तुमच्या कामाचे दार कलेक्टर कचेरीचे.

अर्जाला जोडा: जागेचा मोजमापासह नकाशा, मालाची प्रकारवार यादी वजनासकट, ठेकेदाराच्या परवान्याची प्रत, उडवणाऱ्या माणसांची नावे आणि अनुभव, जागामालकाची किंवा ग्रामपंचायतीची संमती. पोलीस ठाणे आणि तहसील यांचे अहवाल मागवले जातात, त्यात वेळ जातो. दोन महिने हाताशी ठेवा.

माल ठेकेदारानेच आणावा, बिलासकट. दुकानाचा एलई-५ परवाना किरकोळ विक्रीचा. तिथून पाऊस, भुईचक्र, फुलबाज्या घ्या; ४ इंची गोळा तिथे मागायचा नाही. ऑनलाइन तर नाहीच, ती विक्री सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच बंद केली. एस.टी.त किंवा रेल्वेत पिशवी घालून आणणे हाही गुन्हाच.

मोजपट्टी: अर्ज लिहिण्याआधी टेप घेऊन मैदानावर जा. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर अंतरे अशी: माल ठेवलेली जागा ते उडवण्याची जागा २०० मीटर, उडवण्याची जागा ते प्रेक्षकांचा कठडा १०० मीटर, शाळा आणि दवाखान्यापासून २५० मीटर. बहुतेक गावांतले देवळापुढचे पटांगण इथेच बाद होते. नकाशात अंतर फुगवून दाखवू नका, जागेची पाहणी होते.

रंजक: आणि वेळ! साडेदहाला जमणार नाही. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत. ध्वनिक्षेपकाला ठराविक दिवशी बारापर्यंत मिळणारी सवलत फटाक्यांना लागू नाही, कमिट्या इथे हमखास फसतात. एकतर पालखी लवकर काढा, नाहीतर आतषबाजी पालखीआधी उरका. हजाराची लड यादीतून काढा, जोडफटाक्यांवर २०१८ पासून बंदी आहे. बेरियमचे हिरवे रंगही नकोत.

नळकांडे: ठेकेदार परवानाधारक असला तरी त्याचे सामान बघून घ्या. गोळा सुटतो तो खालच्या उडत्या दारूच्या (गोळा वर फेकणाऱ्या दारूच्या) वायूने. नळी गोळ्यापेक्षा सैल असली की वायू बाजूने निसटतो, गोळा कमी उंचीवर फुटतो. म्हणून ३ इंचीला ३ इंचीचीच नळी. ढोबळ हिशेब इंचाला ३० मीटर उंची, म्हणजे ४ इंची गोळा साधारण १२० मीटरवर फुटतो. नळी एचडीपीई (जाड प्लास्टिक) किंवा फायबरची घ्या. लोखंडी नळीत गोळा आत फुटला तर तिच्याच चिंधड्या माणसांवर येतात.

नळ्या दोन तृतीयांश वाळूत गाडा, किंवा चौकटीत बसवून चौकट मेखांनी जखडा. उभ्या केलेल्या सुट्या चौकटी हा सर्वात वाईट प्रकार. एक नळी आतून फुटली की चौकट आडवी होते आणि उरलेले गोळे थेट गर्दीकडे सुटतात. नळ्यांची तोंडे गर्दीपासून किंचित उलटी. पाऊस आला तर तोंडावर प्लास्टिक बांधा, तळाशी पाणी गेले की दारू ओली. एकच नळी पुन्हा भरायची नाही, आत निखारा राहतो. गोळे तितक्या नळ्या.

पेटवणी विजेवर असेल तर तारांची तपासणी माणसे मैदानाबाहेर काढल्यावरच, आणि पेटवणीच्या यंत्राची किल्ली उडवणाऱ्याच्या खिशात. न सुटलेल्या गोळ्याजवळ किमान अर्धा तास जायचे नाही, नळीवर वाकून बघायचे तर कधीच नाही. सकाळी उजेडात मैदान पुन्हा पालथे घाला. न फुटलेला गोळा पोरे उचलतात.

माळावरचा: मोजले. पटांगणापासून जि.प. शाळा १८० मीटरवर भरते. यात्रा सुट्टीत असते, चालेल का?

मोजपट्टी: सुट्टीच्या भरवशावर नकाशा काढू नका. ओढ्यापलीकडचा गायरान माळ बघा, वाऱ्याची दिशाही बघून घ्या. धूर आणि जळके तुकडे गावावर येता कामा नयेत. कडब्याच्या गंजी असतील तर त्या आधी हलवायला सांगा. ग्रामपंचायतीचा ठराव त्या माळाचा गट क्रमांक घालूनच करून घ्या, नाहीतर अर्ज त्रुटीसाठी परत येईल.