डिपेंडन्सी एकेक करून शोधा की बिल्ड-डेप मारा? तुमचं मत सांगा

कास्तकाराचा_पोरगा: डेबियन १२ (लिनक्स) वर जिंप ३ (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) सोर्समधून कम्पाइल करतोय, रेपोत (डेबियनच्या पॅकेज भांडारात) २.१० च हाय. मेसन (बिल्डची तयारी करणारं टूल) चालवलं की एक डिपेंडन्सी (लागणारी लायब्ररी) गायब, थे टाकली की दुसरी. जो तो म्हणते बिल्ड-डेप (रेपोतल्या व्हर्जनच्या सगळ्या डिपेंडन्सी एकदम टाकणारी कमांड) मार. माह्या मते थो आळशाचा धंदा हाय राजेहो. रेपोतल्या जुन्या व्हर्जनले जे लागते तेच थे आणते, नव्याले काय पायजे त्याले काय माहीत! वरून गावात वायफाय नाई, रोजचा दीड जीबी. एकेक एरर वाचून टाकलं तं काय कायले लागते थे तरी समजते.

मोर्शीचा_संत्रा: आळशाचा कायचा भाऊ? मेंटेनरनं बसून यादी केली थे फुकट घालवायची का? सोर्स लिस्टमदे डेब-सोर्सची ओळ चालू करा, अपडेट मारा, मंग बिल्ड-डेप. किती एमबी लागन थे आधीच दाखवते, जड वाटलं तं नाई म्हणा. अन् एकेक शोधणारे अर्धा दिवस एकाच जागी अडकते, "जीटीके (खिडक्या-बटणांची लायब्ररी) तं माह्याकडं हाय, मंग सापडत कसं नाई?" अबे लायब्ररी हाय तुह्याकडं, हेडर अन् डॉट पीसी फाइल डेव पॅकेजात (कम्पाइलसाठीच्या वेगळ्या पॅकेजात) असते, पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररी हुडकणारं टूल) थे डॉट पीसीच शोधते.

नुसता_वाचक: एवढी मारामारी कायले, फ्लॅटपॅक (तयार बांधलेलं पॅकेज) टाका न मोकळे व्हा.

कास्तकाराचा_पोरगा: @नुसता_वाचक त्याच्यासंग येणाऱ्या रनटाइमचं (लायब्रऱ्यांच्या गठ्ठ्याचं) वजन पाह्यलं का कधी? अन् मले कोडमदे बदल करायचा हाय, नुसतं चालवायचं नाई.

वर्धेकडचा: दोघंही अर्धंच सांगून राहिले. या केसमध्ये खरी अडचण बॅबल आणि जेगलची (जिंपच्या रंग आणि इमेज प्रोसेसिंगच्या लायब्ररी) आहे, डेबियन १२ मधल्या त्या दोन्ही जिंप ३ साठी जुन्या पडतात, म्हणजे बिल्ड-डेप मारून बाकी बरंचसं येईल पण या दोन सोर्समधूनच बांधाव्या लागतील, आधी बॅबल मग जेगल. आणि त्या यूएसआर-लोकलमध्ये टाकू नका, नाहीतर सिस्टिमचं जुनं जिंपही तिथलीच नवी लायब्ररी उचलेल आणि मग ते का बिघडलं ते शोधत बसा. होममध्ये वेगळा प्रिफिक्स (इन्स्टॉलचा फोल्डर) द्या, पीकेजी-कॉन्फिगचा पाथ तिकडे वळवा. नको झालं तर फोल्डर उडवलं की विषय संपला.

मोर्शीचा_संत्रा: मंग मी काय वेगळं बोललो? आधी बिल्ड-डेपच ना.

कास्तकाराचा_पोरगा: प्रिफिक्सचं पटलं. बिल्ड-डेपचं नाई. त्याच्यात डॉक्युमेंटेशन बनवायचेही पॅकेज येते, मले मॅन्युअल छापायचं हाय का?

वर्धेकडचा: डेटाच वाचवायचा तर गिट क्लोनला डेप्थ १ लावा, सगळी हिस्टरी कशाला ओढता. आणि ॲप्ट-फाइलनं (कोणती फाइल कोणत्या पॅकेजात ते सांगणारं टूल) शोधणार असाल तर त्याची यादीही डाउनलोडच होते, ती काही फुकट नाही.

नुसता_वाचक: डेबियन १३ टाका, त्यात जिंप ३ रेपोतच आहे 😄

कास्तकाराचा_पोरगा: आयएसओ तू आणून देतं का पेनड्राइव्हवर?