कार-टीनंतर लिम्फोमा परतला तर आधी सुई की आधी औषध?

टाचणी: दादाला डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (बी पेशींचा वेगाने वाढणारा कॅन्सर) आहे. कार-टीनंतर (रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, प्रयोगशाळेत बदलून परत देतात तो उपचार) पहिल्या महिन्याचा पेट स्कॅन स्वच्छ आला होता, तिसऱ्या महिन्याच्या स्कॅनमध्ये काखेतली गाठ पुन्हा चमकली. माझं मत ठाम आहे: पुन्हा बायोप्सी (सुईने गाठीचा नमुना काढून तपासणी) झाल्याशिवाय पुढचं औषध ठरवू नये. बहुतेक कार-टी पेशी सीडी१९ ही खूण ओळखून हल्ला करतात. परतलेल्या काही गाठींवर ती खूणच उरलेली नसते. मग सीडी१९वरच बेतलेलं लोनकास्टक्सिमॅब देऊन काय साधणार? शिवाय चमकतं ते दर वेळी लिम्फोमाच असतं असं नाही, नुसती सूजही निघते.

रात्रपाळी: पटत नाही. कार-टीनंतर इतक्या लवकर परतलेला आजार कुणासाठी थांबत नाही. आता बऱ्याचदा पुढची निवड ग्लोफिटॅमॅब किंवा एप्कोरिटॅमॅबच असते (अमेरिकेत दोन्ही २०२३मध्ये मंजूर झाली). ही प्रतिपिंडं एका टोकाने गाठीवरची सीडी२० ही दुसरी खूण धरतात, दुसऱ्या टोकाने टी पेशीवरचं सीडी३. सीडी१९ गेलं तरी त्यांचं अडत नाही. चाचण्यांत कार-टी घेऊन झालेल्यांपैकीही साधारण तिघांत एकाचा आजार पूर्ण दिसेनासा झाला. मग रिपोर्टची वाट कशाला बघायची?

टाचणी: रिटुक्सिमॅब या सीडी२०वरच बेतलेल्या औषधाच्या माऱ्यानंतर सीडी२०सुद्धा कधीकधी पुसलं जातं, ते कोण बघणार? सोनोग्राफीवर बघत जाड सुई घातली, थोडा वेळ दाबून धरलं, आणि दादा स्वतः शर्टाची बटणं लावत बाहेर आला. एवढंच तर काम!

उंबरा: काखेतली गाठ हाताला लागते म्हणून हे बोलायला सोपं आहे हो. आईची गाठ महाधमनीला चिकटून होती, सुई घालायला कुणी धजावेना. बायोप्सीशिवायच उपचार सुरू झाले. ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. आणि एकच गाठ परतली असेल तर रेडिएशनचा विचार का नाही? सगळे औषधांवरच भांडताय.

रात्रपाळी: रेडिएशनचा मुद्दा रास्त आहे. बायोप्सीबाबत एक पाऊल मागे घेतो: ग्लोफिटॅमॅबच्या आठवडाभर आधी ओबिनुटुझुमॅब देतात, आणि ते स्वतःच सीडी२०वर जाऊन बसतं, म्हणजे नंतरच्या नमुन्यात ती खूण झाकलेली असू शकते. तेव्हा नमुना घ्यायचाच तर त्याच्या आधी घ्या. पण घेतल्यावर रिपोर्टसाठी औषध अडवू नका.

टाचणी: आणि रिपोर्टमध्ये सीडी२० नाहीच असं आलं तर?

रात्रपाळी: तर पहिल्या छोट्या डोसनंतरही दिशा बदलता येते. पंधरा दिवस रिकामे गेले तर ते मात्र परत मिळत नाहीत.